मानेवरचा टॉवेल

लढाई थांबली, आमच्या दातूंनी, म्हणजे सरदारांनी, केळीची कंपनी आणली आणि बंदुका खाली ठेवलेल्या माणसांना बागेत कामाला लावलं. माझ्या नवऱ्याला, सामाओनला, घड झेलायचं काम मिळालं. झाडाखाली पाठमोरं उभं राहायचं, मागून दुसरा कोयत्याने दांडा तोडतो, घड अलगद खांद्यावर घ्यायचा. काम सोपं. फक्त मागे कोयता घेऊन गियामाल उभा होता.

त्याच्या घराशी आमचं अकरा वर्षांचं वैर. सुरुवात एका रेड्यावरून झाली, पुढे दोन्हीकडचा एकेक भाऊ गेला. वडीलधाऱ्यांनी कुराणावर हात ठेवायला लावून समेट केला, दोघांना एका ताटात जेवायला बसवलं. पण जेवताना काही एकमेकांकडे पाठ करून बसावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी सामाओनने मानेला जाड टॉवेलचे दोन वेढे दिले.

"थंडी वाजतेय का हो?" मी विचारलं.

"घाम पुसायला."

"एवढ्याने कोयता अडायचा नाही. पत्रा देऊ गुंडाळायला?"

मी शेडमध्ये केळी धुते, त्यामुळे नवऱ्याचा पराक्रम मला तिथेच कळायचा. तो ऐन वेळी मागे वळून बघायचा, घड तिरपा पडायचा आणि केळी ठेचली जायची. तिसऱ्या दिवशी आमची मुकादम नोरहाता, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, दोघांना म्हणाली, "काका, उद्या एक जरी घड ठेचला गेला तर दोघेही घरी. बसा मग एकमेकांकडे बघत."

मी हसले, पण लगेच ध्यानात आलं. हे दोघे रिकामे घरी बसले की बंदुका पुन्हा बाहेर येणार.

"त्याला मारायचंच असतं तर तीन दिवस कशाला थांबला असता?" घरी मी म्हटलं.

"तू कोणाच्या बाजूची गं?"

"केळ्यांच्या."

दुसऱ्या दिवशी पहिला घड आला. एकेक फणी फिरवून पाहिली, कुठेच डाग नाही. दुसऱ्यालाही नाही. दुपारी दोघे जेवायला आले, तेव्हा सामाओनची मान उघडी आणि टॉवेल गियामालच्या गळ्यात.

"हे काय?"

"मान खाली घालून डोळे मिटले," सामाओन हळूच म्हणाला. "घड काही पडेना. वळून बघतो तर याचा कोयता वरच अडकलेला, तोंड घामाने निथळतंय. म्हणाला, 'हलू नकोस रे बाबा. चुकून लागलं, तर चुकून लागलं हे कोण मानेल?'"

थट्टा करायला तोंड उघडलं, तर मला रडूच आलं. पानात बांधलेला भात सोडला आणि आधी गियामालपुढे सरकवला.