चुरडामुरड्याला धरलेली सहा बोटं

मी टोमॅटोच्या पानातून बोलतंय. मी एक प्रथिन. शोधू नका, दिसणार नाही. मला सहा बोटं आहेत, प्रत्येकात जस्ताचा एकेक कण. देवानं नव्हे, युकारी नावाच्या तरुण संशोधिकेनं घडवलेली; म्हणून कामापुरतीच आहेत, नखरे नाहीत.

काम एकच. पांढरी माशी रस शोषायला बसते आणि पानं वळवून टाकणाऱ्या चुरडामुरडा रोगाचा विषाणू पानात सोडते. त्याच्या डीएनएवर एक ठरावीक जागा असते, तिथूनच तो स्वतःच्या नकला काढायला लागतो. ती जागा मी आधी पकडायची. मग नकला कुठून काढणार मेला? कागदावर सोपं. खऱ्या विषाणूशी माझी गाठ कधी पडलीच नव्हती.

जपानमधल्या कुमामोतोतल्या काचघरात मला वागवणारी माझी सात रोपं होती, बियाण्यासाठी राखलेली. शेजारी तुलनेसाठी सात साधी. पलीकडच्या खोलीत विषाणू बाळगणाऱ्या माश्यांचा जाळीचा पिंजरा. नियम कडक: एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

जानेवारीत तादोकोरो काका बघायला आले. म्हातारे शेतकरी, या रोगापायी अख्खी टोमॅटोची बाग त्यांनी स्वतःच्या हातानं उपटलेली. युकारीनं त्यांना माश्या दाखवल्या आणि निरोप द्यायला दारात कमरेत वाकली. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत वाकून राहायचं, ही इथली रीत. काकाही त्याच मातीचे. चार पावलं गेले की वळून वाकायचे, की ही पुन्हा वाकायची. असं तीनदा झालं. तेवढा वेळ दोन्ही दारं उघडी, आणि पिंजऱ्याची चेन अर्धीच लागलेली.

संध्याकाळी माझ्या पानांवर माश्या बसल्या होत्या. युकारीनं स्वतःच जाऊन चूक सांगितली.

तिचे वरिष्ठ शिंगाकी सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं.

"सुरक्षा समितीनं कळवलंय," ते म्हणाले. "खोलीतलं एकही रोप जिवंत बाहेर जायचं नाही. वीस दिवस बघायचं, मग सगळं वाफेच्या भट्टीत."

"आणि माझं काम, सर?"

"पानं सरळ राहिली तर पुन्हा घडवायला दोन वर्षं मागून घेतो. वळली तर मार्चनंतर तुला इथं जागा नाही. आता रडत बसू नकोस, पानं मोज."

तिसऱ्या दिवशी विषाणू पेशीत शिरला. मी घाबरलं, खोटं कशाला सांगू? पण जागा सापडली आणि सहाही बोटं घट्ट बसली. एकाला धरावं तर माशी चार नवे सोडायची. पेशीपेशीत माझी भावंडं तशीच झुंजत होती.

नवव्या दिवशी शेजारची साधी रोपं पिवळी पडली, पानं वाटीसारखी वळली. चौदाव्या दिवशी माझ्या पाचव्या रोपाचं एक पान पिवळं दिसलं. युकारी त्याच्यासमोर भिंग घेऊन बसली. डब्यातला भाताचा गोळा तिनं तसाच परत नेला. दोन दिवस मीही चाचपडत होतं: माझं कुठलं बोट सुटलं?

तपासणीचा कागद सरांनी आणला. "विषाणू नसल्यात जमा. अगं बये, खत घालायचं विसरलीस तू!"

ती हसली आणि मग खूप रडली.

विसाव्या दिवशीही माझी सातही रोपं सरळ होती. काका आले, काचेबाहेर उभे राहिले.

"बाई, एक रोप द्या. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल, काका."

"मी चौऱ्याहत्तरचा. दोन वर्षांनी असेन, नसेन."

युकारी काचेजवळ आली. "लपवून बाहेर नेलं तर उद्या यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही थांबा. माझ्यासाठी थांबा."

काका तिथून हलले नाहीत.

आता ती एकेक रोप पिशवीत घालतेय, हळूच, फांदी मोडू न देता. कढत वाफेत माझी बोटं सुटतील, विषाणूही संपेल. त्याचं दुःख नाही. माझा आराखडा तिच्या वहीत आहे, पुढचं प्रथिन त्यावरून घडेल. एवढंच मागणं आहे, ती वही वाचणाऱ्यांनो: दोन वर्षांचं काम जमलं तर दीड वर्षात करा. म्हातारा माणूस अजून काचेबाहेर उभा आहे.