न घातलेलं मीठ

या, असे जवळ सरका. मागच्यांनी भिंतीला टेकून डुलक्या काढू नयेत. गोष्ट मिठाची आहे. चवीपुरतीच सांगायची आहे.

समुद्रापासून दोन गल्ल्या आत एक खानावळ होती. चालवणारीला सगळे मावशी म्हणत, सख्खा भाऊसुद्धा चुकून म्हणून जाई. प्यायचं पाणी नळाचं, स्वयंपाकाचं मागच्या दारच्या विहिरीचं. मावशीच्या हाताला माप लागत नसे. ओठांवर देवाचं गाणं, मिठाची चिमूट त्या तालावर पडायची आणि बरोब्बर पडायची.

पण अलीकडे काहीतरी बिनसलं.

"मावशी, होडी आणू का?" टपालवाला रश्शाकडे बघत म्हणाला. "समुद्र ताटात आलाय."

"आण की. वल्हवत घरी जा, उधारी मात्र काठावर ठेव."

सगळे हसले. मावशीही हसली, पण आत कुठेतरी चिमटा बसला. दुसऱ्या दिवशी तिनं मीठ कमी केलं. तरी खारट. आणखी कमी केलं. तरी तेच.

"तुझा हात सैल झालाय गं," नवरा म्हणाला.

"आणि तुमची जीभ? ती लग्नापासूनच सैल आहे!"

बोलून गेली खरी, पण रात्री मन खाऊ लागलं. हात गेला, तर आपल्यात उरलं काय? शेवटी ती सुनेला म्हणाली, "उद्या पुन्हा खारट झालं, तर डाव तुझ्या हातात. मी भांडी विसळीन."

"आई, भांडीही खारट विसळाल," सून म्हणाली. सासूचा चेहरा पाहून मात्र तिनं जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं रस्सा असा जपून केला, जणू परीक्षाच. मनातल्या मनात देवाला आळवत होती. पंगत बसली, वाढून झालं, आणि तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. मिठाची बरणी तशीच, झाकण घट्ट लावलेली. देवाशी बोलता बोलता बाई मीठच विसरली होती!

"वा!" टपालवाला बोटं चाटत ओरडला. "आज मीठ कसं, अगदी बेताचं!"

मावशीनं डाव खाली ठेवला. तडक विहिरीवर गेली, पोहरा ओढला, ओंजळ तोंडाला लावली आणि थू करून टाकली. मग नवऱ्याला हाक मारली.

त्यानंही चाखलं. "यात मीठ कोणी घातलं?"

"शेजाऱ्यानं," समुद्राकडे हात करत ती म्हणाली. "आणि आळ माझ्यावर!"

सून हळूच म्हणाली, "आई, जग तापतंय. बर्फ वितळतोय, समुद्र फुगतोय. वरून येतो तो दिसतो. हा जमिनीखालून आलाय."

कुणी हसेना. टपालवाला हातातल्या घासासकट मागोमाग विहिरीवर आला होता. त्याची थट्टा खरी झाली होती, आणि त्याच्या घरचा आडही याच गल्लीत होता.

सुनेनं डाव उचलून मावशीच्या हातात दिला. "हात तुमचाच बरोबर."

मावशीनं तो घेतला. आनंद व्हायला हवा होता. पण डोळे विहिरीत अडकले. लग्न होऊन आली, त्या दिवशी पहिला घोट याच पाण्याचा घेतला होता. "बाई गं," काठावर हात फिरवत ती पुटपुटली, "मी सुटले, तू अडकलीस."

मग पदर खोचला. "काय बघताय? छपराला पन्हळ लावा, पावसाचं पाणी साठवू. आणि टपालवाल्या, घरोघर जातोसच ना? ओंजळभर पाणी चाखायला सांग सगळ्यांना. शेजारी आणखी कुणाकडे जेवायला येतोय, कळू दे."

तर मंडळी, आज घरी चिमूट सोडताना हात क्षणभर थांबवा. त्या मावशीला आठवा, देवापाशी तिच्या विहिरीसाठी एक शब्द टाका. खाल्ल्या मिठाला तर सगळेच जागतात. तुम्ही तिनं न घातलेल्या मिठाला जागा.