एकशे बत्तीसचा संबळ

आमच्या मायच्या अंगात येतं याचा मला लहानपणापासून राग. शाळेतली पोरं चिडवायची हे एक, आणि दुसरं म्हणजे मला ते खरंच वाटायचं नाही. गोंधळाचा संबळ तापला की सगळं घर मायकडे बघत बसायचं, आणि माय बरोबर वेळेवर घुमायला लागायची. मी मनात म्हणायचो, झालं नाटक सुरू.

त्र्याण्णव साली मात्र नाटक म्हणून सोडून द्यायची सोय राहिली नाही. परभणीच्या डॉक्टरांनी मायला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. हृदय थकलंय, म्हणाले. जिना नको, जड उचलणं नको, दम लागेल असं काहीच नको. आणि इकडे माझ्या धाकट्या भावाचं, दत्तरावचं, लग्न झालेलं, लग्नानंतरचा गोंधळ घालायचा राहिलेला. गोंधळात देवीचं वारं आलं की माय अर्धा अर्धा तास नाचणार, हे ठरलेलंच.

"पुढच्या वर्षी घालू की," मी म्हणालो.

"पुढल्या वर्षी मी हाय का न्हाई, कुणाला ठावं?" माय म्हणाली. "आन् संबळ चंद्रभानचाच पायजे. दुसऱ्याचा हात मला नको."

हे आणखी अवघड. चंद्रभानकाका आमच्या घरचे पिढीजात गोंधळी, राहायला पोखर्णीला. पण दिवाळीत त्यांना लकवा मारला होता. गळा शाबूत राहिला, उजवा हात गेला.

तेव्हा मला एक नामी युक्ती सुचली. मी परभणीतल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. आमच्या मालकांनी मुंबईहून जुना सॅम्पलर आणला होता. त्यात कुठलाही आवाज भरायचा, हवा तेवढा तुकडा कापायचा. मग तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि खाली आपण ढोलाचे ठोके बसवायचे. दोन वर्षांपूर्वी पाथरीच्या एका गोंधळात मी काकांचा संबळ कॅसेटवर घेतला होता. म्हणजे मायला काकांचा हात मिळेल, गोंधळही पार पडेल, आणि देवी काही यंत्राच्या डब्यावर येणार नाही. माझ्या अकलेवर मीच खूश झालो.

आठवडाभर मी त्या कॅसेटच्या मागे लागलो होतो. अडचण अशी की काकांचा हात एका चालीत राहायचाच नाही. सुरुवातीला हळूहळू चढायचा, शेवटी हळूहळू उतरायचा. असला डुलणारा तुकडा फिरवला की दर फेरीला लंगडतो आणि खालच्या ढोलाशी त्याचं जमत नाही. शेवटी मधे एक जागा सापडली. चढ संपलेला, संबळ अगदी टोकाला पोचलेला, आणि चार आवर्तनं एकसारखी. मिनिटाला एकशे बत्तीस ठोके. ढोल एकशे बत्तीसला लावला, तुकड्याची दोन्ही टोकं केसाकेसाने कापली, आणि अर्धा तास चालू ठेवला तरी सांधा कळेना. बाकीचा संबळ माझ्या कामाचा नव्हता. यंत्रात जागाही काही सेकंदांचीच.

गोंधळ रात्रभर न लांबवता दिवेलागणीलाच घ्यायचं ठरलं. चौक भरला, घट मांडला, दिवटी पेटली. शेजारी डोळे फाडून माझी मशीन बघत होते. काका भिंतीला टेकून बसले होते. मी बटण दाबलं आणि काका दचकून सरळ झाले.

"ह्यो माझा हात हाय की रं अप्पा!" ते म्हणाले, आणि आपल्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

मग त्यांनी गळा लावला. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, माय शांत बसलेली. मी माझ्या बायकोला, कावेरीला, डोळ्यानेच सांगितलं, बघ, जमलं.

तिसऱ्या गाण्याला मायचा अंगठा हलायला लागला. मग गुडघा. मग ती उठली.

मी जागच्या जागी थिजलो. आजवर हे मी लांबून, तोंड वाकडं करून बघितलेलं. आज ती माझ्यापासून दोन हातांवर होती. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. मानेची शीर दोरीएवढी फुगलेली. पाय अचूक एकशे बत्तीसवर पडत होते. असं नाटक कुणाला करता येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मायचे ओठ काळेनिळे पडायला लागले.

"अप्पा, उतार वाजीव!" काका ओरडले. "बाई दमली, उतार घे आता!"

"उतार नाही, काका."

"न्हाई म्हंजी?"

"मी भरलाच नाही. चढाच्या टोकाचा तेवढाच तुकडा घेतलाय."

मी बंद करायला हात पुढे केला, तर काका किंचाळलेच. "बंद करू नको रं बाबा! येकदम तोडलं तर जाग्यावर पडंल ती! पायाकडं बघून उतरवत आणतेत बाईला. तुला येवढं बी ठाव न्हाई?"

मी घाईघाईने वेग एकशे पंचवीसवर आणला. ढोल मंदावला, संबळ आपल्याच चालीत राहिला. तुकडा लवकर संपायचा, पुढची फेरी सुरू होईपर्यंत मधे फट पडायची, आणि त्या प्रत्येक फटीत मायला कुणी मागून ओढल्यासारखा हिसका बसायचा. कावेरी रडायला लागली. संबळ लांबवायचा तर त्याचा सूर खाली ओढावा लागतो, एवढं एकच मला आठवत होतं. अर्धा सूर खाली. फट मिटली.

"हां! आता बघ तिच्याकडं. मशिनीत काय बघायलास? पायाकडं बघ!"

मी पायाकडे बघितलं. टाच जरा जड पडली तशी आणखी सात ठोके कमी केले, आणखी अर्धा सूर खाली. एकशे अठरा. संबळ घोगरा झाला. घाई केली की माय धडपडायची, उशीर केला की पुन्हा वर जायची. एकशे अकरा. एकशे पाच. काका डाव्या हाताने जमिनीवर थाप देत होते आणि मी त्यांच्या थापेवर चाललो होतो. नव्याण्णवला संबळ इतका जाडा झाला की तो संबळ आहे हेही कुणी ओळखलं नसतं. मायचे गुडघे वाकले. कावेरीने तिला मिठीत घेऊन खाली बसवलं, आणि काकांनी मान हलवल्यावर मी मशीन बंद केली.

मी मायचं मनगट धरलं. सवयीने मोजायला गेलो, पण मोजताच येईना. चार ठोके नीट, मग एक गायब, मग दोन घाईघाईने, मग पुन्हा एक गायब.

"गोंधळ झाला का?" मायने बारीक आवाजात विचारलं.

"झाला."

"मग हात सोड की. किती येळ धरून बसायलास? पाव्हण्याला पाणी द्यायचंय."

"माय, मी तुला मारलंच होतं आज."

"येड्यावानी नको बोलू," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

मी मोजणं सोडून दिलं. हात सोडला नाही. ठोका गेला, आणि पुढचा येईपर्यंत मी श्वास रोखून बसलो.