सातव्या साच्यातली बाटली

बाटलीच्या बुडाला प्लास्टिकची एक शेपटी लोंबत होती, दोऱ्याएवढी बारीक, अजून ऊन असलेली. ती साच्याच्या कडेला चिकटली होती म्हणून बाटली खाली पडत नव्हती, हे शिवकांताला दिसलं. दिसलं म्हणजे काय, हात आपोआप तिकडे गेला. तिच्या मनात त्या वेळी नवऱ्याच्या डब्यात लोणचं घातलं की राहिलं, एवढंच घोळत होतं...

आणि लाईट गेली.

पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाचे दोन पट्टे तेवढे उरले. पंखे, बाटल्या वाहून नेणारा पट्टा, हवेचा पंप, सगळ्यांनी एकदम बसकण मारली. बारा साच्यांचं ते मोठं चाक मात्र लगेच थांबलं नाही. आपल्याच वजनानं बोटभर पुढं सरकलं, सातव्या साच्याची दोन्ही अंगं एकमेकांजवळ आली – आणि तिथंच राहिली. मध्ये शिवकांताचा हात होता, मनगटापर्यंत. लोखंड हाताच्या पाठीला टेकलं होतं. नुसतं टेकलं होतं.

"गेली का बया पुन्ना," मागून छबुबाई म्हणाली. बाटल्यांच्या कडा चाकूनं छाटायचं काम तिचं. तिनं चाकू ठेवून पदरानं मान पुसली. तिला काही दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं.

शिवकांतानं अंगठा आत दुमडला आणि कासार बांगडी भरताना हात आवळतो तसा आवळून तो बाहेर ओढला. आला. पाठीवर एक लाल रेघ, बस्स. ती स्टुलावर बसली. पाची बोटं हलवून पाहिली. हलली. मग पुन्हा हलवली, जणू पहिल्या वेळी फसवणूक झाली असावी.

गेवराईच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या या कारखान्यात तिला चार वर्षं झाली होती. औषध फवारणीच्या बाटल्या. चाक फिरतं, एकेक साचा तिच्यासमोर येऊन उघडतो, आत हवेचा एक झोत बसतो, बाटली पट्ट्यावर पडते, साचा मिटून पुढं जातो. सकाळपासून सातव्याचा झोत कमी पडत होता, म्हणून दर फेऱ्याला ती हातानं हिसका देत होती. खरं तर पुढची जाळीची झडप उघडली की मशीन आपोआप थांबायचं. पण थांबलं की वरून येणारं गरम प्लास्टिक जळायचं, सगळी साफसफाई पहिल्यापासून. मागच्या आठवड्यात मशीनवरच्या धर्मराजनं झडपेच्या कळीवर लोहचुंबक चिकटवलं, म्हणजे झडप उघडी असली तरी मशीनला ती बंदच वाटावी. त्याचं मन होत नव्हतं. कुणी सांगितलं त्याला? मी सांगितलं. हसत सांगितलं, "बसव रे, मी काय लेकरू हाय का?"

तिनं नवऱ्याला फोन लावला. रेवणसिद्ध नेकनूरच्या बाजारात दुकान लावून बसला होता. मागं कुणीतरी वांग्यांचा भाव करत होतं.

"काय गं?"

"काय न्हाई. लाईट गेली."

"मग?"

मग... मग काय सांगायचं? की आत्ता लाईट असती तर हा फोन तुला दुसऱ्या कुणीतरी केला असता?

"लोणचं हाय का डब्यात?" तिनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवून दिला.

तासाभरानं लाईट आली. प्लास्टिक तापलं, चाक घरघरत फिरू लागलं. धर्मराजनं तिच्याकडं पाहिलं. "मावशी, तोंड उतरलंय तुमचं. बसा जरा. छबुबाई, तुमी या पुढं. सातव्याला तेवढा हिसका द्या."

छबुबाई पुढं झाली. साचा उघडला. तिचा काकणं भरलेला हात आत निघाला –

शिवकांता ओरडली. काय ओरडली हे तिला नंतरही आठवलं नाही. छबुबाईचा दंड धरून तिनं तिला मागं खेचलं आणि कळीवरचं चुंबक उपटलं. चाक जागच्या जागी थांबलं.

"कावून काढलं?" धर्मराज धावत आला. "माल जळंल की सगळा!"

"माझा हात आत होता."

"कदी?"

"लाईट गेली तवा."

धर्मराज हसला, चुकून हसावं तसा. मग ती लाल रेघ त्याला दिसली. तो साच्याकडं बघत राहिला आणि हळूहळू खाली बसला, उकिडवा. छबुबाईनं शिवकांताचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळत राहिली, थंडीनं गारठलेल्याचा चोळावा तसा. वर प्लास्टिक जळू लागलं होतं. कडवट वास शेडभर पसरला. कुणीही उठलं नाही.

"मीच बसवलं ते," धर्मराज म्हणाला.

"मी सांगितलं म्हणून."

झोत दुरुस्त झाल्याबिगर मशीन लावत न्हाई, मालकाला मी सांगतो, असं काहीतरी तो म्हणाला. मग घाबरल्यासारखं विचारलं, "उद्या येताल ना, मावशी?"

हो म्हणायला तिनं तोंड उघडलं. चार वर्षं हे 'हो' विचारायच्या आधीच तयार असायचं – जादा पाळीला, सणाच्या दिवशी, अंगात ताप असतानाही. आता आत कुठंच ते सापडेना. रिकाम्या घरात शिरल्यासारखं तिला झालं; आणि नवल म्हणजे, त्या रिकामपणात घाईघाईनं काही आणून ठेवावं असंही तिला वाटेना.