एकदम दोन

उजवा हात झाल्यावर बाईंनी डावा हात पुढे केला. समोर खुर्चीवर उभी असलेली पाच वर्षांची मुलगी एकेक नख उजेडात धरून पाहत होती. करंगळीपाशी थांबली, जरा विचारात पडली आणि मग मान हलवली. बाईंना स्वतःच्या ताटलीतला पाव उचलायची परवानगी मिळाली.

बाई एका शाळेच्या उपमुख्याध्यापिका होत्या. तिथली बाराशे मुलं त्यांच्या चपलांच्या नुसत्या आवाजाने गप्प होत.

"तुझं झालं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अंगठा नापास. पुन्हा धुऊन आलो."

नवरा लिफ्ट तपासनीस होता. अठरा वर्षं लोकांच्या लिफ्ट नापास करण्यात घालवलेला माणूस. आपल्यालाही कुणीतरी इतक्या कसोशीने तपासतंय याचं त्याला मनापासून कौतुक वाटत होतं.

"कामाला चोख आहे साहेब," तो पाव चावत म्हणाला. मुलीला तो पहिल्या दिवसापासून साहेबच म्हणत होता.

परक्या देशातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा हा तेरावा दिवस होता. तिथला दत्तकाचा नियमच तसा होता. आश्रमातून मूल घ्यायचं, चौदा दिवस त्याच शहरात एकत्र राहायचं आणि चौदाव्या दिवशी कार्यालयात जाऊन दाखवायचं, की मूल आपल्याशी जुळतंय. पटलं तर सही आणि तिघं घरी. नाही पटलं तर मूल पुन्हा आश्रमात.

आणि साहेब काही जुळायचं नाव घेत नव्हती. तेरा दिवसांत ती रडली नव्हती. तिने काही मागितलं नव्हतं. दिलेलं खायची, सांगितलेलं करायची आणि उरलेला वेळ या दोघांवर लक्ष ठेवायची. तपासनिसाने तिच्या भाषेतली चाळीस वाक्यं पाठ केली होती, पण त्यातली तीस रेल्वे स्टेशनाबद्दल होती. त्यामुळे संभाषण फारसं रंगत नव्हतं.

सासूबाईंचा फोन रोज ठरल्या वेळी यायचा.

"मांडीवर बसली का गं?"

"नाही हो आई. पण काल दुपारी तिने आम्हाला झोपवलं."

"कुणी कुणाला?"

"तिने. आम्हाला. थोपटून."



"तो लहानपणी थोपटून कधी झोपला नाही मेला," सासूबाई म्हणाल्या. "आता झोपला?"

"घोरायलाच लागला."

"मग पोर गुणी आहे. पण मांडीवर बसायला हवी बाई."

दुपारी तिघं बाजारात निघाली. रस्त्यावर साहेबाची पद्धत ठरलेली होती. दारातून बाहेर पडलं की ती तपासनिसाचा हात घ्यायची आणि बाईंच्या हातात द्यायची. मग स्वतः दोन पावलं पुढे. सिग्नलला वळून बघायची, बोटाने दोघांना मोजायची, दोन भरले की रस्ता ओलांडायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण ही दोघं भर रस्त्यात हातात हात घालून कधी चालली नव्हती. आता पर्याय नव्हता. समोरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला ही नवी जोडी वाटली असावी. तो रोज हात हलवायचा.

"सोडू का जरा? घाम आलाय हाताला," बाई पुटपुटल्या.

"वेडी आहेस का? साहेब बघतेय."

परत येताना नेहमीप्रमाणे जिना. इमारतीला लिफ्ट होती, पण तिच्या प्रमाणपत्राची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपली होती. तपासनिसाने असल्या लिफ्टमध्ये पाय ठेवणं शक्य नव्हतं. सुरक्षिततेच्या या आग्रहापायी तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवीसकट घसरला आणि सहा पायऱ्या खाली आला.

साहेब धावली नाही. शांतपणे खाली आली, त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली, खरचटलं होतं तिथे तीनदा फुंकर घातली, खिशातून रुमाल काढून बांधला. मग बाईंकडे वळून एक वाक्य बोलली. अर्थ कळला नाही, पण रोख कळला. लक्ष कुठे होतं तुमचं?

संध्याकाळी बाई न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बसल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा टेबलावर उद्याचा फॉर्म पडला होता. नाव, वय, व्यवसाय सगळं भरून झालं होतं. सातवा प्रश्न तेवढा कोरा होता. मूल दुखलं-खुपलं तर आधारासाठी तुमच्याकडे येतं का?

"हो लिहू," तपासनीस म्हणाला. "येईल ना पुढेमागे."

"येईल वेगळं, येतं वेगळं."

"अगं, एका शब्दाचा प्रश्न आहे."

"मी चालू लिफ्टला बंद म्हटलं तर चालेल तुला?"

"मला बंद लिफ्टला चालू म्हटलेलं चालत नाही."

"तेच म्हणतेय मी."

तो पेन फिरवत राहिला. आतल्या खोलीत साहेब दोघांच्या उशा झटकत होती.

"परत पाठवलं तर?" बाईंनी विचारलं.

त्याने सातव्या प्रश्नापुढे हळूहळू, वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलं आणि कागद उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी तो सुलटा केला. त्या पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या होत्या आणि त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं. फॉर्म वाचत सातव्या प्रश्नाशी आल्या, थांबल्या, चष्मा वर केला. साहेबाकडे वळल्या आणि तिच्या भाषेत एक छोटासा प्रश्न विचारला.

साहेब उठून उभी राहिली. हात पाठीमागे बांधले आणि बोलायला लागली. तेरा दिवसांत मिळून जेवढं बोलली नव्हती तेवढं बोलली. मधेच तपासनिसाकडे बोट, मधेच बाईंकडे. अधिकारी बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि लिहून घ्यायला लागल्या.

"काय म्हणतेय?" बाईंनी विचारलं.

"अहवाल देतेय," अधिकारी बाई म्हणाल्या. "पुरुष जेवतो चांगला, पण जिन्यावर सांभाळावं लागतं. बाईंची नखं स्वच्छ असतात. त्या कधीकधी नळ सोडून रडतात, तेव्हा आपण ऐकलंच नाही असं दाखवायचं. दोघंही दुपारी लगेच झोपतात. रस्त्यात हात सोडत नाहीत. एकूण त्रास नाही, ती ठेवून घ्यायला तयार आहे."

तपासनीस उगाचच ताठ बसला.

"ठेवून घ्यायला? आम्हाला?"

"त्या आश्रमात पद्धत आहे. मूल पाच वर्षांचं झालं की त्याच्या हाती एक लहान मूल देतात. नखं, जेवण, झोप, रस्ता, सगळं त्याने बघायचं. तुम्ही घ्यायला गेलात तेव्हा संचालिका हिचा हात तुमच्या हातात देऊन काही बोलल्या असतील ना? 'आता ही दोघं तुझी' असं. हिला वाटलं, आपली पाळी आली." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "फार मान वाटतोय तिला. म्हणते, तिथे कुणालाच एकदम दोन मिळत नाहीत. आणि तीही एवढी मोठी."

साहेबाने हनुवटी थोडी वर केली. तेरा दिवस तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ज्याला ही दोघं परकेपणा समजत होती, ते काय होतं हे बाईंना आता दिसलं. वर्गाची मॉनिटर झालेल्या पोरीच्या चेहऱ्यावर असतं ते. बाराशे मुलांत कितीदा पाहिलं होतं त्यांनी.

अधिकारी बाईंनी साहेबाला आणखी एक प्रश्न विचारला. साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं, या दोघांकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

"काय विचारलंत?"

"तू कुणाची लहान, असं विचारलं." त्या फॉर्मवर सही करत होत्या. "सातव्याला सगळे 'हो' लिहितात. तुमचा पहिलाच 'नाही'. घेऊन जा तिला."

बाहेर ऊन होतं. पायऱ्यांवर साहेबाने सवयीने तपासनिसाचा हात घेतला, बाईंच्या हाताकडे नेला आणि मधेच सोडून दिला. फुटपाथवर आल्यावर चार पावलं चालली, थांबली आणि मधोमध बसकण मारली.

"काय गं? काय झालं?" बाई खाली वाकल्या.

साहेबाने पायातला बूट ओढून काढला आणि भिरकावला. मग दुसरा. मग आडवी झाली आणि किंचाळायला लागली, टाचा आपटत, तोंड लाल करून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं. बाईंनी तिचा पाय धरून मोजा खाली केला. टाचेवर दोन फोड होते. एक फुटलेला, एक जुना, सुकत आलेला. बूट यांनीच घेतले होते, पहिल्या दिवशी, अंदाजाने. पहिल्या दिवसापासून चावत असणार.

बाई इस्त्रीच्या कपड्यांनिशी फुटपाथवर बसल्या आणि टाचेवर फुंकर घालायला लागल्या. साहेबाने त्यांना लाथ मारली. बाईंनी पुन्हा फुंकर घातली. पुन्हा लाथ बसली, पण जरा हळू. आवाज मात्र वाढतच होता. एकीकडे भोकाड आणि दुसरीकडे हाताने बाईंची बाही घट्ट धरलेली.

लोक वळून बघत होते. खरेदीची ढकलगाडी घेतलेल्या एक आजीबाई थांबल्या, कपाळाला आठ्या घालून मुलीकडे पाहिलं आणि मग तपासनिसाकडे. कुणाचं हे कार्टं, असा त्या नजरेचा सरळ प्रश्न होता.

त्याच्या चाळीस वाक्यांत याचं उत्तर नव्हतं.

"आमची आहे," त्याने मराठीत सांगितलं.

आजीबाई गाडी ढकलत निघून गेल्या. एक बूट झाडाच्या आळ्यात पडला होता, तो त्याने काखोटीला मारला. दुसरा पार रस्त्यापलीकडे, बसथांब्यापाशी गेला होता. पाच वर्षांच्या हाताने एवढा लांब. तिथे सातआठ माणसं बसची वाट बघत उभी होती. तपासनीस रस्ता ओलांडून गेला, बूट उचलला, धूळ झटकली आणि कुणीही विचारलेलं नसताना रांगेतल्या प्रत्येकाला पलीकडच्या साहेबाकडे बोट करून दाखवायला लागला.