बडोद्याशी आमचा संबंध नाही

शशिकांत काकांना राजकारण कळतं, असं आमच्या न्यू जर्सीच्या टाउनशिपमधल्या सगळ्या मराठी माणसांचं मत होतं, आणि सर्वांत ठाम मत खुद्द काकांचं. पुण्यात असताना त्यांनी म्हणे दोन नगरसेवक निवडून आणले होते. त्यामुळे २००७ साली मी टाउनशिप कमिटीसाठी, म्हणजे आमच्या इथल्या नगरपालिकेसाठी, उभं राहायचं ठरवलं, तेव्हा ते आपणहून माझे प्रचारप्रमुख झाले. मी नेमलं नव्हतं. त्यांना नेमावं लागत नाही.

मी का उभी राहत होते ते आधी सांगते, कारण पुढे त्याचाच सगळ्यांना विसर पडला. टाउनशिपने नवा नियम आणला होता. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये किती माणसं झोपतात, ते इन्स्पेक्टर घरात शिरून बघणार. आमच्याकडे तो आला तेव्हा माझ्या सासूबाई, रत्नाबाई, नागपूरहून आल्या होत्या आणि हॉलमध्ये गादीवर पडल्या होत्या. त्याने त्यांना उठवलं, गादी उचलून पाहिली आणि 'ही बाई परत कधी जाणार' असं मला विचारलं. त्यांच्यासमोर. इंग्रजी येत नसलं तरी बोट आपल्याकडे आहे हे माणसाला कळतं. त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

कमिटीच्या दोन जागा होत्या. आमच्याकडे जूनमध्ये पक्षाचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक होते, खरी लढत तीच, आणि उमेदवार जोडीने उभे राहतात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या जुन्या पुढाऱ्यांची जोडी ठरलेलीच होती. त्यांच्याविरुद्ध मलाही जोडीदार हवा होता, आणि मला मिसेस ऑर्टिझ हव्या होत्या. त्या मूळच्या पोर्तो रिकोच्या, आमच्या भाडेकरू संघटनेच्या अध्यक्ष. आख्ख्या इमारतीत इन्स्पेक्टरला दारातूनच परत पाठवणाऱ्या त्या एकट्याच.

"छे छे," काका म्हणाले. "स्ट्रॅटेजी समजून घे. आपण यतीनला घ्यायचं."

यतीनची स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी होती, तळ्याकाठी मोठं घर होतं आणि तो मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष होता. "यतीन आणि तू म्हणजे मंडळ पूर्ण कव्हर होतं," असं काका दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून सांगायचे. कव्हर होतं म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं. मला वाटलं, एक पुरुष आणि एक बाई, किंवा पुणं आणि विदर्भ, असं काहीतरी असेल. यतीन वाईट नव्हता, नियमाच्या विरोधात बोलायलाही तयार होता. अर्जाची मुदत जवळ आली होती, म्हणून मी हो म्हटलं. मिसेस ऑर्टिझ कुरकुरल्या नाहीत, उलट माझ्या अर्जासाठी सह्या गोळा करू लागल्या. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

प्रचाराचा नारळ काकांच्या घरी फुटायचा होता. रविवारी सत्यनारायण, मग जेवण, मग भाषणं. बेसमेंट माणसांनी गच्च भरलं होतं. मी आणि माझा नवरा रवी दारात चपला काढत होतो तेवढ्यात अहिल्याकाकू आल्या.

"बरं झालं वेळेवर आलात. तुम्ही जोडप्याने पूजेला बसायचंय. रवीसाठी सोवळं काढून ठेवलंय."

"काकू, आम्ही पूजेला नाही बसणार," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहोत. तुमचं चालू द्या, आम्ही मागे बसतो."

काकूंनी काकांकडे नुसतं पाहिलं, भाजी करपल्यावर बघावं तसं. काकांनी मला बाजूच्या लॉन्ड्री रूममध्ये नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बौद्ध म्हणजे... मेडिटेशन वगैरे?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

"म्हणजे नागपूर. इंदोरा. दीक्षाभूमी."

"पण तू गायकवाड आहेस!"

"आहेच."

"मला वाटलं, बडोद्याचे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यतीन ब्राह्मण, मी मराठा, झालं मंडळ कव्हर! न्यू जर्सीतल्या पक्षाच्या निवडणुकीत हा माणूस पुण्या-साताऱ्याची बेरीज मांडून बसला होता, आणि तीही माझ्या आडनावावरून, मला न विचारता. हसावं की काकांना त्यांच्याच ड्रायरमध्ये घालून बटण दाबावं, मला कळेना.

"हे बघ," ते आवाज खाली आणून म्हणाले, "मला स्वतःला काही प्रॉब्लेम नाही. पण लोकांचं काही सांगता येत नाही. आज नुसती बस, फोटो होऊ दे, बाकी आपल्या दोघांत राहील."

"नाही."

"बरं, बसू नकोस. पण बोलूही नकोस."

मी काहीच म्हटलं नाही. तो त्यांनी होकार समजला. चूक त्यांची.

पूजेला यतीन आणि त्याची बायको नेत्रा बसले. जेवणं झाली आणि काकांनी माईक हातात घेतला. यतीनचं भरपूर कौतुक करून ते माझ्याकडे वळले. "आणि आपल्या मैत्रीताई! गायकवाड घराणं, म्हणजे बडोदं आलंच. नेतृत्व यांच्या रक्तातच आहे!"

टाळ्या पडल्या. शेजारी रवीने मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्याची मान मी अशी खाली गेलेली पाहिली नव्हती. मी उठले आणि काकांच्या हातातून माईक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

"बडोद्याशी आमचा संबंध नाही," मी म्हटलं. "आम्ही नागपूरच्या इंदोऱ्याचे. माझे सासरे सुभाष गायकवाड कापडगिरणीत होते. सासूबाईंनी लहानपणी आईचं बोट धरून दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसमोर दीक्षा घेतली. इन्स्पेक्टरने ज्यांची गादी उचलली, त्या याच. मी त्यांच्यासाठी उभी आहे. मत द्यायचं असेल तर हे ऐकून द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "यार, अमेरिकेत कशाला आणायचं हे सगळं?"

"मग बडोदं कुणी आणलं?" मी विचारलं.

लोक फार सभ्यपणे आपापल्या चपला शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी यतीनचा ईमेल आला. आपलं व्हिजन वेगळं आहे, असं त्यात लिहिलं होतं. आदल्या दिवशी प्रसादाचा शिरा खाईपर्यंत आमचं व्हिजन एकच होतं. मला राग आला, रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. मी मिसेस ऑर्टिझना फोन लावला. आडनावावरून जात कशी हुडकतात, हे त्यांना इंग्रजीत समजावताना माझी दमछाक झाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या लोकांना मत आहे का?"

मी मनातल्या मनात मोजू लागले. बेसमेंटमधले बहुतेक जण एच-वन व्हिसावर होते, उरलेले ग्रीन कार्डवर. काकांनी तर भारतीय पासपोर्ट सोडायचा नाही म्हणून वीस वर्षं नागरिकत्वाचा अर्जच केला नव्हता. काकांनी एवढी चोख बेरीज ज्यांच्यासाठी मांडली, त्यांच्यातले मत देऊ शकणारे सगळे एका गाडीत मावले असते.

त्याच आठवड्यात काका घरी आले. "यतीन पुन्हा तयार आहे," ते म्हणाले. "त्याला जोडीला दुसरा सिटिझन मिळत नाहीये. तू फक्त ते परत बोलू नकोस."

"जागा भरली, काका. मिसेस ऑर्टिझ उभ्या राहतायत."

"आपला एकही माणूस तिला मत देणार नाही!"

"आपल्या माणसांना मत नाही, काका."

ते चहा न घेता गेले. काका चहा न घेता गेले, म्हणजे किती लागलं असेल बघा. यतीनने शेवटी अर्ज भरलाच नाही. आम्ही दोघी मात्र अपार्टमेंटचे जिने चढत राहिलो. मिसेस ऑर्टिझ स्पॅनिशमध्ये बोलायच्या, मी नागरिक झालेल्या गुजराती आजी-आजोबांशी नागपुरी हिंदीत. दार उघडणाऱ्या जवळपास प्रत्येकाची कुणीतरी गादी उचलून पाहिली होती. जूनमध्ये आम्ही दोघी जिंकलो. फार मतांनी नाही, पण जिंकलो.

आणि काकांचा फोन आला.

"अभिनंदन! आपली मराठी मुलगी! मंडळातर्फे तुझा सत्कार ठेवतोय."

"माझी ओळख कोण करून देणार?"

"मीच की."

"काय सांगणार?"

"सांगेन ना. फार्मसिस्ट, जिद्दी, नागपूरची..."

"नागपुरात कुठली?"

"ते तू सांगितलंस की त्या दिवशी. सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा कशाला?"

"बडोदं तुम्ही माईकवरून सांगितलं होतं, काका. इंदोराही तुम्हीच सांगायचं, माईकवरून. दीक्षाभूमी हा शब्द मला तुमच्या तोंडून ऐकायचाय, मोठ्याने. आणि मिसेस ऑर्टिझ माझ्या शेजारी बसतील. जमत असेल तर तारीख सांगा."

फोनमधून नुसता काकांचा श्वास ऐकू येत होता. मागे अहिल्याकाकू विचारत होत्या, "काय म्हणते ती?" काका त्यांनाही काही सांगत नव्हते. मी फोन ठेवला नाही. खुर्ची ओढून घेतली आणि बसून राहिले.