पहिला भाग स्टँडपर्यंत

सिंधुच्या कादंबरीचे दोन सिनेमे करायचे, असं दिग्दर्शक मिहिर म्हणाला तेव्हा तिला आनंदच झाला. एवढं जाडजूड पुस्तक, घरचे त्याला पाटा म्हणायचे. एकाच सिनेमात कोंबायचं तर अर्धंअधिक कापावं लागलं असतं. घरचं, शेतातलं उरकून नऊ वर्षं लिहिलेलं. एकही पान जाणार नाही म्हटल्यावर लातूरजवळच्या मुरुडहून नांदेडला येताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईलाही तिनं ते सांगून टाकलं.

पुण्याहून आलेल्या मिहिरला गोष्टीतली खरी बाई बघायची होती. म्हणून विष्णुपुरीला सिद्धम्माच्या खानावळीत बसणं झालं. सिद्धम्मा ही सिंधुची थोरली बहीण आणि कादंबरीची नायिकाही तीच, नाव तेवढं बदललेलं. इंजिनिअरिंगची पोरं जेवून गेली होती. सिद्धम्मानं दोघांना ताटं वाढली आणि स्वतः परात पुढं ओढून पीठ मळायला बसली.

"पहिला भाग कुठं संपवायचा?" सिंधुनं विचारलं.

"हिमायतनगरच्या स्टँडवर," मिहिर म्हणाला. "नवऱ्यानं घराबाहेर काढलंय, कडेवर मुलगी, शेवटची गाडी निघून गेलेली. तिथंच पडदा काळा. लोक वर्षभर विचार करतील, पुढं काय झालं."

सिंधुच्या अंगावर काटा आला. लिहितानाही आला होता.

परातीतला हात थांबला. "वर्षभर मी तिथंच उभी?" सिद्धम्मा म्हणाली.

"पहिला चालला की लगेच दुसरा काढू, मावशी."

"अन् न्हाई चालला तर?"

मिहिर आमटीत भाकरी कुस्करत राहिला.

आता कुठं सिंधुच्या ध्यानात आलं. भाड्याची खोली, पहिली चार ताटं, कडेवरच्या त्या पुनमचं शिक्षण, ही खानावळ, सगळं स्टँडच्या पुढचं होतं. गावात कादंबरी वाचलेली माणसं दोन, त्यातली एक सिंधु स्वतः. सिनेमा मात्र सगळे बघणार, अक्काच्या सासरचेसुद्धा. नवऱ्यानं टाकलेली बाई, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पडद्यावरही तेवढंच दिसणार. 'तुझ्यावर लिहू का' म्हणून विचारलं होतं, तेव्हा अक्कानं एकच अट घातली होती. मला स्टँडवर सोडू नको, घरी आणून सोड.

"एकच सिनेमा करायचा तर लई कापावं लागंल, अक्का," सिंधु हळूच म्हणाली.

"काप की."

"काय कापू?"

"पहिला भाग. त्यो गावानं फुकटात बघितलाय."

मिहिर हसला, मग थांबला. "पण मावशी, ती स्टँडवर का आली हे लोकांना कळणार कसं?"

"तिन्हीसांजंची बाई लेकरू अन् बोचकं घेऊन बसली की समद्यांना कळतं, बाबा. विचारत कुणी न्हाई, ती गोष्ट येगळी."

सिंधु ताटाकडं बघत बसली. पहिल्या भागात लग्नाची पंगत होती, जात्यावरची सासू होती, अक्का आडात उडी घ्यायला जाते ते प्रकरण होतं, जे वाचून दाखवल्यावर लातूरच्या कार्यक्रमात टाळ्या पडल्या होत्या. पुढं नुसत्या भाकऱ्या आणि पोरीच्या फिया. अक्काच्या दुःखावर आपली लेखणी कशी फुलते आणि सुखाशी आली की कशी सपाट होते, हे तिला कुणी न सांगताही ठाऊक होतं.

"सिंधे, आमटी गार होऊन राहिली."

सिंधुनं एक घास घेतला. मग म्हणाली, "मिहिर, एकच करा. स्टँडपासून सुरू करा. न्हाईतर माझी सही न्हाई."

"आणि आड?" त्याचा जीव त्यातच होता.

"ते पुस्तकात हाय. ज्याला पाहिजे त्यानं वाचावं."

सिद्धम्मानं न विचारता मिहिरच्या ताटात भाकरी टाकली.

"म्हणजे सुरुवातीलाच स्टँड," तो म्हणाला. "शेवटची गाडी गेलेली. मग?"

"मग काय? पहाटंची गाडी येती," सिद्धम्मा म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला लागली.